चौलचे कंपौंडर आणि अमेरिकन पाठपिशवी

अमेरिकन शिपायाची पाठपिशवी ही पिशवी नसते. अलिबागच्या बाजारात मी दुकान टाकून बसलो तेवढी वर्षं हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगत आलो, आणि रोज समोरच्याने 'हा आपल्याला फसवतोय' अशाच नजरेने माझ्याकडे पाहिलं.

ती म्हणजे जाड किंतानाचा एक लांबोळका तुकडा. त्याला पट्ट्या, बक्कलं आणि टिचबटणं. तो जमिनीवर अंथरायचा, मधे सामान रचायचं, खालचा पदर वर घ्यायचा, बाजूचे आत दुमडायचे, आडव्या पट्ट्या आवळायच्या आणि वरून झाकण टाकायचं. याखाली शेपटासारखा आणखी एक तुकडा. त्यात कांबळं गुंडाळायचं आणि तो चामड्याच्या वादीने वरच्या भागाशी ओवून टाकायचा. जमलं तर पाठीवर सुरेख बसते. चुकलं तर रस्त्याने मोजे, साबण, चमचा असं एकेक गळत जातं. आणि तळाशी ठेवलेला पंचा हवा असेल तर सगळं पुन्हा जमिनीवर अंथरा! ज्याने ही शोधून काढली त्याला स्वतःच्या पाठीवर काही वाहून न्यायची पाळी कधी आली नसावी.

माझा धंदा जुन्या पलटणी मालाचा. 'म्हणजे हल्लीच्या लढाईनंतरचा ना?' असं तरुण मंडळी विचारतात. नव्हे. तो माल पुढे सगळ्यांनीच विकला. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं, पहिल्या जर्मन लढाईनंतरच्या दहा-पंधरा वर्षांतलं. लढाई संपली आणि मुंबईला लिलावात मालाचे गठ्ठे निघू लागले. गठ्ठा बांधलेलाच विकत घ्यायचा, फोडून दाखवायचे नाहीत. मचव्यातून अलिबागला आणायचा, मागच्या पडवीत सुरी घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. कधी चांगली बुटं निघत, पण दोन्ही डाव्या पायाची. कधी घोड्याचे तोबरे. आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या देशांच्या शिपायांच्या पिशव्या, पट्टे आणि बाटल्या, सगळ्यांचा एकत्र गुंता. अमेरिकन माल या गठ्ठ्यांत कुठून शिरला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांना विचारलं त्यांनी दर वेळी नवीन गोष्ट सांगितली.

ओळखायला खरं तर अवघड काही नाही. इंग्रजी मालावर बाणाची खूण असते, अमेरिकन मालावर दोन ठसठशीत अक्षरं. इंग्रजांची पाण्याची बाटली निळ्या मुलाम्याची, लोखंडी आणि बुचाची. अमेरिकनांची ॲल्युमिनियमची, तिच्या बुडाला पेला चपखल बसलेला. अमेरिकनांच्या जुन्या टिचबटणांवर गरुड असतो, नंतरच्यांवर नसतो. झाकण उलटून पाहिलं तर आत कारखान्याचं नाव आणि साल छापलेलं. एकदा हाताला सवय झाली की अंधारातही कळतं.

पण गिऱ्हाईक माल ओळखायला येत नाही, आपलं डोकं खायला येतं. एक भंडारी काडतुसांचा पट्टा घ्यायला आला. माडावर चढताना एका कप्प्यात तंबाखू, एकात चुना, एकात काडेपेटी ठेवीन म्हणाला. मग बोटं मोजून म्हणाला, "मला एवढे कप्पे नको. निम्मा कापून द्या." आणि अलिबागेतल्या एका वकिलांना शिकारीसाठी बाटली हवी होती, पण मेलेल्या शिपायाची नको. "जिचा मालक जिवंत घरी गेला असेल अशीच दाखवा," म्हणाले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, बाटली साक्ष देत नाही." रागावले. तरी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून बाटली नेलीच.

थळच्या कोळीवाड्यातला धर्मा हाही त्यातलाच. धर्मा स्वतःच्या मचव्याचा तांडेल, अंगाने आडवा, आवाज असा की बाजाराच्या त्या टोकाला ऐकू जावा. त्याने अमेरिकन पिशवी नेली आणि पुढच्या बाजाराला आणून माझ्यापुढे आपटली.

"शेट, ही पिसवी न्हाय, लुगडं हाय! माजी भाकर दर्यात गेली."

मी त्याला सगळं पुन्हा अंथरून, दुमडून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या बाजाराला परत आला. असं किती वेळा झालं सांगत नाही. शेवटी त्याच्या बायकोने, भागीने, जाळ्याच्या सुताने तिच्या दोन्ही कडा शिवून टाकल्या आणि तिची सरळ पिशवी केली. अमेरिकेच्या सरकारला जे सुचलं नाही ते भागीला सुचलं. त्यानंतर धर्मा गप्प झाला.

चौलचे बिन्यामीन कंपौंडर मात्र गप्प होणाऱ्यांतले नव्हते. बेने इस्राएल समाजातले हे गृहस्थ पलटणीच्या दवाखान्यात कंपौंडर होते. पेन्शन घेऊन चौलला सुपारीच्या बागेतल्या घरी राहायचे. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण हन्नाबाई, विधवा, घर बघायची. कंपौंडर दर बाजाराला टांग्याने यायचे, पडवीत मांडी घालून बसायचे, खिशातून भिंग काढायचे आणि माझा दिवस संपायचा.

"भाऊशेट, हा वरचा भाग एका कारखान्याचा आहे, शेपूट दुसऱ्याचं."

"कंपौंडर, लढाईत ते कोण बघत होतं?"

"मी बघतोय ना आता."

त्यांना फक्त अमेरिकन माल हवा असे, आणि तोही असा की एका पिशवीचे सगळे भाग एका वेळचे, एकमेकांना शोभणारे. गरुडाचं एक बटण असेल तर सगळी गरुडाची. किंतानाचा रंग हिरवट तर सगळा हिरवट. मी आठ दिवस राखून ठेवलेली वस्तू ते पाव मिनिटात बाजूला सारायचे. "ही दुरुस्त केलेली आहे," म्हणायचे, दुरुस्ती म्हणजे जणू महारोग.

एकदा मी चिडून विचारलं, "तुम्ही इंग्रजांच्या पलटणीत होतात. मग अमेरिकनांचं एवढं काय?"

त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग सांगितलं. लढाईत ते फ्रान्सला मजूर तुकडीबरोबर होते. एका हिवाळ्यात तापाने फणफणलेला एक अमेरिकन शिपाई त्यांच्या तंबूत येऊन पडला, कारण त्याच्या लोकांचा दवाखाना लांब होता. बरा व्हायला लागल्यावर त्याने कंपौंडरांना नाव विचारलं. "त्या मुलखात मला सगळे 'ए' म्हणत, नाहीतर हुद्द्याने हाक मारत. यानं नाव विचारलं, आणि जाईपर्यंत नावानं हाक मारली. जायच्या दिवशी पिशवी कशी बांधायची ते मला शिकवत बसला. त्यालाही येत नव्हती. आम्ही दोघं खूप हसलो." मग म्हणाले, "तशी एक पुरी पिशवी जमवायची, एवढंच होतं मनात. पुढे सवय लागली."

मी त्यांना चहा मागवला. चहा पिऊन ते पुन्हा बटणं तपासायला लागले.

त्यांची सर्वांत आवडती पिशवी माझ्याच दुकानातली. सगळी जुळणारी, पण वादी उंदरांनी खाल्लेली. नवीन वादी हवी, आणि ती नवीन दिसता कामा नये! आमच्या बाजारातल्या मोच्याने कापून दिली, ती कंपौंडरांना जाड वाटली. दुसरी दिली, तिचा रंग पसंत पडेना. मोची मला म्हणाला, "शेट, या माणसाला पुन्हा माझ्याकडे पाठवाल तर मी गाव सोडीन." अखेर त्याने टांग्याच्या जुन्या लगामातून वादी कापली. तिच्या एका कडेने जुन्या शिवणीच्या भोकांची रांग होती. कंपौंडरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "चालेल." मी आणि मोची एकमेकांकडे बघतच राहिलो. त्या दिवसापासून कंपौंडर कुठेही निघाले की ती पिशवी पाठीवर. कपाटात ठेवायच्या बाकीच्या, वापरायची ही.

पुढे माझ्याही नजरेवर त्यांचा विश्वास राहिना. मुंबईला लिलाव असला की ते स्वतः जाऊ लागले.

अशाच एका वर्षी कार्तिकात तुफान झालं. पाऊस संपून दर्या निवलेला असताना हे असं आलं की कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वारा दक्षिणेकडून सुटला आणि दोन दिवस थांबेना. थळचे बाकीचे मचवे कसेबसे परतले. धर्माचा आला नाही. त्याच्याबरोबर त्याचे दोन खलाशीही गेले होते. आम्ही बाजारात कोळणींना विचारायचो, त्या नुसती मान हलवायच्या.

वारा पडल्यावर काही दिवसांनी माझ्या दुकानापुढे थळची बरीच माणसं येऊन उभी राहिली. पुढे कोळीवाड्याचे पाटील, हातात खारट पाण्याने कडक झालेली एक पाठपिशवी. मागे भागी. डोळे कोरडे, हातातला चुडा तसाच.

पाटील म्हणाले, "भाऊशेट, ही किनाऱ्याच्या खडपात अडकलेली गावली. धर्मा हीच घेऊन जायचा, समद्यांनी बघितलंय. तुमी फकस्त व्हय म्हना, म्हंजी पुढचं करायला आमी मोकळे. खलाशांच्या घरचीबी वाट बघतान."

पुढचं म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती. भागीने चुड्यावर दुसरा हात दाबून धरला होता.

"ही त्याची न्हाय," ती म्हणाली. "मी समद्यांना सांगते, कोन ऐकत न्हाय. मी दोनी कडा शिवल्या व्हत्या."

"टाके दर्यात सुटले," पाटील म्हणाले, तेही दहाव्यांदा सांगावं तसे.

"सुटले तर सुटू दे. भोकं कुठं गेली? शेट, तुमी सांगा. किंतानाची भोकं बुजतान काय?"

मला खरं सांगायचं तर संतापच आला. बाईने आपल्या हाताने, जाळ्याच्या जाड सुताने, दाभणाने शिवलेली पिशवी. ती बाई ही माझी नव्हे म्हणते आहे. तिच्याहून जास्त ते कोणाला कळणार? पण तिचं खरं मानायला यांना चार मैल चालत येऊन माझ्या तोंडचा शब्द हवा होता. मी पिशवी फळीवर अंथरली. दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. किंतान अखंड होतं, एक भोक नाही. बटणंही गरुडाची. धर्माला दिलेली नंतरच्या बटणांची होती.

"भागी बरोबर सांगते," मी म्हटलं. "ही धर्माची नाही."

चुड्यावर दाबलेला हात भागीने काढला. तिने श्वास सोडला तेवढा ऐकू आला.

आणि मग खालचा पदर सरळ करताना माझ्या बोटांना वादी लागली. पाण्याने फुगलेली, काळी पडलेली. मी ती उलटली. कडेने भोकांची रांग.

पाटील विचारत होते, "न्हाय म्हनता, तर मग धर्मा कुठं हाय?"

"पाटील, मला तुम्ही पिशवी विचारलीत, पिशवीचं सांगितलं," मी म्हटलं. वादी मी मुठीत झाकून घेतली. "माणसाचं मला कसं कळणार?"

भागीचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. "शेट, ही कोनाची हाय ते तुमाला ठावं हाय."

मी मान डोलावली.

"मंग त्याच्या घरी जाऊन सांगा," ती म्हणाली. "तितंबी कोन तरी वाट बघत आसंल." पदर खांद्यावर घट्ट केला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.

चौलचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. मी मनात कंपौंडरांशीच भांडत होतो. या माणसाने मला किती छळलं, किती चांगला माल नाकारला, किती दुपारी खाल्ल्या, आणि आता हे काम माझ्याच गळ्यात! टांगेवाला दोनदा म्हणाला, "शेट, कुणाशी बोलता?"

शुक्रवार होता. बेने इस्राएल लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो, त्याच्या आत घरातली सगळी कामं उरकायची असतात. हन्नाबाई चुलीपाशी होत्या. मला पाहून पाट पुढे केला.

"तो मुंबईला आहे हो. येईल एक-दोन दिवसांत. लिलाव लांबला असेल."

मी पिशवी पाटाजवळ ठेवली. त्यांनी पाहिली आणि हसल्या. "ही तर त्याचीच. तुमच्याकडे कशी? ही तो कुठं विसरत नाही."

"थळच्या किनाऱ्यावर सापडली."

त्यांनी हात पुढे करून किंतान चाचपलं. "ओली आहे."

"हो."

"मग तो कुठे आहे?"

"हन्नाबाई, मला पिशवी ओळखता येते. बाकी मला काही माहीत नाही. कदाचित ते मुंबईलाच असतील. पिशवी चोरीला गेली असेल."

"त्याची पिशवी चोरीला जाईल?" असं त्यांनी विचारलं, आणि आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं.

हन्नाबाई उठल्या, चुलीतली लाकडं मागे ओढली, दिव्याच्या वाती सारख्या केल्या. "शब्बाथला रडायचं नसतं, भाऊशेट. तुम्ही आता जा," म्हणाल्या. मी ओसरीवरून उतरताना मागे पाहिलं नाही.

मुंबईच्या माझ्या दलालाकडे चौकशी केली. जे कळलं ते ऐकून मी कपाळ बडवून घेतलं. कंपौंडर लिलाव संपल्यावरही एका गठ्ठ्यातल्या मालावरून लिलाववाल्याशी वाद घालत राहिले, त्यात आगबोट चुकवली आणि चौलजवळच्या रेवदंड्याला निघालेल्या एका गलबतावर चढले. ते गलबत रेवदंड्याला पोचलंच नव्हतं. म्हणजे एका बटणाच्या नाहीतर बक्कलाच्या खरेखोटेपणासाठी माणूस गेला! मला त्यांचं दुःख होत होतं आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

हे हन्नाबाईंना मीच जाऊन सांगितलं. त्यांच्या समाजाची वडीलधारी मंडळी जमली होती. देह सापडलेला नाही तेव्हा सुतक धरायचं की नाही यावर त्यांचंही एकमत होईना. थोडं थांबू या, असं ठरलं. हन्नाबाई त्या बोलण्यात नव्हत्याच. माणसं गेल्यावर मला म्हणाल्या, "थांबून काय करायचं तेवढं कोणी सांगत नाही."

पुढच्या खेपेला गेलो तर अंगणात गर्दी. कंपौंडरांचं काचेचं कपाट सताड उघडं. बागेत सुपाऱ्या काढणारे, माडावर चढणारे, कोळणी, शेजारपाजारचे, जो तो काही ना काही घेऊन निघालेला. वर्षानुवर्षं भिंगाखालून गेलेला माल!

"हन्नाबाई, हे काय चालवलंय?"

"ज्याला लागेल तो नेईल," त्या म्हणाल्या. एका बाईच्या हातात त्यांनी गरुडाच्या बटणांची सबंध पिशवी ठेवली. "आत नुसती पडून होती. मला बघवत नाही."

मी थांबवायला हवं होतं की नाही, आजही ठरवता येत नाही. मी ओसरीवर बसून राहिलो. त्या बाईने पिशवी पालथी धरून हलवली आणि म्हणाली, "हिला बूड कुठं हाय?" मला समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

त्यानंतर काही आठवडे गेले. एक दिवस दुपारी दुकानात बसलो असताना बाजाराच्या त्या टोकाकडून आवाज आला, आणि माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. तसा आवाज अख्ख्या जिल्ह्यात एकच होता.

"शेट! दुसरी पिसवी द्या! आनि या वक्ताला लुगडं नको, पिसवी द्या!"

धर्मा. काळाठिक्कर, निम्म्याने वाळलेला. शेजारी भागी. ती हसत नव्हती, पण त्याच्या सदऱ्याची कड तिने मुठीत धरली होती आणि ती मूठ काही सोडत नव्हती.

तिथेच उभं राहून त्याने सांगितलं. खांदेरी बेटाच्या बाहेर त्यांना एक गलबत दिसलं, उलटायला आलेलं. यांनी मचवा जवळ घातला. गलबतावरची माणसं एकेक करून ओढून घेतली. गलबताचा म्हातारा तांडेल सुकाणू धरून शेवटपर्यंत उभा राहिला, कारण त्याने ते सोडलं असतं तर गलबत यांच्याच मचव्यावर आलं असतं. तो मिळाला नाही. हे सांगताना धर्माचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. मग डोलकाठी मोडली आणि वारा नेईल तिकडे मचवा गेला. दोघे खलाशी आणि गलबतावरची माणसं धरून सगळे जिवंत काठेवाडच्या एका लहानशा खाडीत टेकले. तिथल्या लोकांनी खाऊ घातलं, काठी बसवून दिली. तारेचं ठाणं कुठे जवळ नव्हतं, म्हणून निरोप नाही.

"वजन जास्ती झालं तवा मी जाळी टाकली, टोपल्या टाकल्या, माजी पिसवी टाकली. आनि एक म्हातारा, शेट, पाठीवरची पिसवी सोडंना! बोलतो, हिची सगळी बटनं एका येळची हायत. मचव्यात गुडघाभर पानी आनि हा बटनं सांगतो! मी वडून काढली आनि दिली फेकून."

मी उठून उभा राहिलो. "तो म्हातारा कुठे आहे?"

"ह्यो काय, मागं येतोय. पाय सुजलेत त्याचे."

बाजाराच्या गर्दीतून काठेवाडी अंगरखा आणि भलंमोठं पांढरं पागोटं घातलेले बिन्यामीन कंपौंडर लंगडत येत होते. दुकानाच्या पायरीवर टेकले. मला पाहून नमस्कार नाही, कुशल नाही.

"भाऊशेट, माझी पिशवी थळला लागली म्हणे. वादी शाबूत आहे ना?"

मी त्यांना मिठी मारली की हाणलं, ते नीट आठवत नाही. धर्मा सांगायचा की दोन्ही केलं.

टांगा केला आणि त्यांना घेऊन निघालो. वाटेत त्यांनी मला लिलाववाल्याचं काय चुकलं ते सविस्तर सांगितलं. मी ऐकत होतो. चौल जवळ आलं तशी माझी छाती धडधडायला लागली, कारण कपाटाबद्दल मी अजून काही बोललो नव्हतो. आणि बोलायची गरजही पडली नाही. माडांच्या आगराच्या कडेने एक भंडारी येत होता, कमरेला काडतुसांचा पट्टा.

"हा पट्टा," कंपौंडर म्हणाले, "अगदी माझ्या पट्ट्यासारखा आहे."

पुढे एक कोळीण डोक्यावर टोपली आणि खांद्याला ॲल्युमिनियमची बाटली अडकवून गेली. कंपौंडर टांग्यातून वाकून बघत राहिले. विहिरीवर एक बाई जुळणाऱ्या शेपटासकट सबंध पाठपिशवी दगडावर आपटून धूत होती. कंपौंडरांचा चेहरा पागोट्याच्या रंगाचा झाला.

"भाऊशेट, हे काय आहे?"

"घरी चला," मी म्हटलं.

टांगा थांबायच्या आत ते उतरले. हन्नाबाई अंगणात झाडत होत्या. टांग्याचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं. हातातली केरसुणी अर्ध्यावर थांबली. त्या जागच्या हलल्या नाहीत. कंपौंडर त्यांच्याजवळून तसेच आत गेले, कपाटासमोर उभे राहिले आणि तिथून ओरडायला लागले. पहिल्या खणात काय होतं, कुठल्या सालचं होतं, कोणाकडून आणलं होतं, बटणं कशी होती, आता जगात कुणाकडे तसं उरलेलं नाही. दुसऱ्या खणाचं. तिसऱ्याचं. इतके दिवस हाल काढलेल्या माणसात एवढा आवाज कुठून आला, कोण जाणे. शेजारची माणसं कुंपणाशी गोळा झाली.

मला वाटलं, आता मधे पडावं. मी पायरी चढलो, तर हन्नाबाई दाराच्या चौकटीला डोकं टेकून उभ्या होत्या. डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच हात वर करून मला थांबवलं.

"ओरडू दे," त्या म्हणाल्या.